थांबलंय, बिघडलं नाही!

२०२४ सालच्या गौरीजेवणाची गोष्ट. दुपारचे तीन वाजत आलेले. दोन पंगती मिळून तेवीस पानं उठली होती. ओट्यावर पुरणाचं पातेलं, कटाच्या आमटीचं भगुणं, भज्यांची कढई आणि वाट्यांचा तर डोंगरच. ताटं-वाट्यांचा पहिला घाणा मी डिशवॉशरमध्ये लावला, बटण दाबलं आणि खोचलेला पदर सोडून हुश्श करत जावेशेजारी जाऊन टेकले. आता तासभर तरी कुणी हाक मारायची नाही, असा माझा बेत.

पंचवीस मिनिटं झाली असतील नसतील, स्वयंपाकघरातून टीं-टीं-टीं! मशिन मध्येच थांबलं होतं. दार उघडून बघितलं तर ताटं अर्धवट भिजलेली, साबणाचा वास आणि पुरणाचे ओघळ जसेच्या तसे.

मग काय, घरातली सगळी तज्ज्ञ मंडळी गोळा झाली. आमच्या ह्यांनी तेच बटण चार वेळा दाबलं, "वॉरंटी आहे ना?" असं विचारलं आणि हॉलमध्ये परत गेले. (वॉरंटी जूनमध्येच संपली होती. ती संपल्यावरच आठवते.) लेकीने "आई, बंद करून परत चालू कर ना" हा तिच्या पिढीचा रामबाण उपाय सांगितला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पाट ओढला, बसल्या आणि घासणी मागितली. त्या न बोलण्यात सगळं आलं!

तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, ह्या नळाच्या चित्राला दिवा कशापायी लागलाय?"

आमच्या मावशी. हातात केरसुणी, डोळे मशिनवर. खरंच की, दाराच्या वरच्या पट्टीवर नळाचं एवढंसं चित्र लाल झालं होतं. घरात तीन पदवीधर असून ते एकालाही दिसलं नव्हतं. मावशींनी पुढे होऊन सिंकचा नळ सोडला. सुतळीएवढी धार! "दुसऱ्या मजल्यावर आत्ताच भांडी करून आले, तिथं पाणी धो धो हाय. आपल्याकडंच बारीक झालंय. ते मशिन तरी बिचारं काय करंल?"

आमचं घर शेवटच्या मजल्यावर, डोक्यावर लगेच गच्ची आणि गच्चीवर टाकी. टाकी जवळ म्हणजे पाणी जोरात, असा माझा इतकी वर्षं समज होता. तो नेमका उलटा आहे. टाकी जितकी उंच, तितका नळाला जोर. दहा मीटर उंचीवरचं पाणी साधारण एक बारचा दाब देतं. आमची टाकी नळापासून जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे कसाबसा पाव-तीस टक्के बार! आमच्या मशिनच्या पुस्तकात कमीत कमी दाब तेवढाच लिहिलाय. त्यात सणाचा दिवस, साऱ्या सोसायटीत पाहुणे, सगळे नळ एकदम सुरू, टाकी तळाला गेलेली. मशिनने ठरलेला वेळ पाण्याची वाट बघितली आणि बिचारं थांबलं. वॉचमनला सांगून पंप सुरू करवला. सव्वाचारला नळाला धार आली, बटण दाबलं आणि मशिन पुन्हा गुरगुरायला लागलं.

म्हणजे ते बिघडलं नव्हतंच. थांबून काहीतरी मागत होतं. आणि ते काय मागतंय हे ज्यांना कळलं त्या मावशी ते मशिन घरात आलं तेव्हा रात्रभर झोपल्या नव्हत्या. ती गोष्ट सांगायलाच हवी.

भांडी लावणार कोण?

२०२२च्या पावसाळ्यात मावशींच्या हाताला चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोललेली, तळव्याला भेगा. चार घरची भांडी, दिवसातले सहा तास हात पाण्यात आणि साबणात. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात कोरडे ठेवायला सांगितलं. भांडी घासणाऱ्या बाईला हात कोरडे ठेवायला सांगणं म्हणजे शेतकऱ्याला उन्हात जाऊ नको म्हणण्यासारखंच. चारातल्या एका घरी त्यांना सांगण्यात आलं, "उद्यापासून येऊ नका." हातांना काय झालंय, हे विचारलंसुद्धा नाही.

आता माझं ऐका. मी वस्तीत बायकांच्या बचत गटाचं काम बघते. त्यात निम्म्याअधिक घरकामाला जाणाऱ्या. १९८० साली ह्याच पुण्यात मोलकरणींनी पगारवाढीसाठी आणि हक्काच्या रजेसाठी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, २००८ साली राज्यात घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, हे सगळं मी बैठकीत तावातावाने सांगते. पण मावशींचे ते हात बघून माझ्या मनात पहिला विचार कुठला आला? "बदली बाई कुठून मिळणार?" खोटं कशाला सांगू!

बदली मिळाली नाही. तीन आठवडे मी स्वतः भांडी घासली. एक दिवस गंमत म्हणून मोजली, सकाळच्या चहाच्या कपापासून रात्रीच्या कुकरपर्यंत चौऱ्याऐंशी! चार माणसांच्या घरात. आणि हे एका घरचं, मावशींची घरं चार. चौथ्या आठवड्यात आम्ही डिशवॉशर घेतला.

मशिन आलं त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला होता. भांड्यांचे पैसे कमी, केर-फरशीचे कायम. दुसऱ्या दिवशी मावशींना तो सांगायला तोंड उघडलं, तर त्याच आधी बोलल्या. रात्रभर विचार करून आल्या होत्या. "वहिनी, मशिनमधी भांडी लावणार कोण? धुतल्यावर काढून जागच्या जागी ठेवणार कोण? आन् कुकर, कढई, तवा, परात? ते मशिनला जमतंय का?"

तीन प्रश्न. माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. कागद मी गुपचूप पर्समध्ये ठेवला. पगार आहे तोच राहिला. यात माझा काही मोठेपणा नाही, हिशेब मावशींचाच बरोबर होता. बिडाचा तवा, लाकडी पोळपाट-लाटणं, पितळेचं पातेलं, हिंडालियमची कढई हे मशिनमध्ये जात नाहीच. हिंडालियम काळं पडतं, लाकूड तडकतं, पितळेची रया जाते. ती भांडी मावशी हातमोजे घालून घासतात. बाकीची मशिनमध्ये अशी लावतात की माझ्या दुप्पट मावतात. वाट्या पालथ्या, ताटं एकमेकांना न चिकटता आणि डाव-झारे आडवे, म्हणजे वर फिरणाऱ्या पंख्याला अडत नाहीत.

"साहेब आहेत का घरी?"

गौरी आटोपल्या, नवरात्र झालं, दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी मशिन परत थांबलं. या वेळी नळाला धार उत्तम. नळाचं चित्रही नव्हतं. दार उघडलं तर तळाशी चार बोटं घाण पाणी साचलेलं आणि पट्टीवर कसला तरी आकडा लुकलुकत होता.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. तिसऱ्या दिवशी एक तरुण आला. दारातच पहिला प्रश्न, "साहेब आहेत का घरी?" म्हटलं, मशिन मी चालवते, मलाच सांगा. त्याने मशिन चालू केलं, बंद केलं, कानाला मोबाईल लावून कुणाशी तरी बोलला आणि निकाल दिला, "मॅडम, बोर्ड गेलाय. साडेआठ हजार. आज बुक केला तर शुक्रवारी बसवून देतो." खालची जाळी त्याने काढून बघितली नाही. आकड्याचा अर्थ काय विचारलं, तर "ते टेक्निकल असतं" म्हणाला. साडेचारशे रुपये व्हिजिटचे घेतले आणि गेला.

मैत्रिणींनो, असं "ते टेक्निकल असतं" आपण किती वेळा ऐकलंय! गॅस गीझरवाला, इन्व्हर्टरवाला, बँकेतला फॉर्म, नवऱ्याच्या पॉलिसीचे कागद. आणि आपणही मान डोलावतो. मी आर्ट्सची. बोर्ड म्हटलं की मला दहावीचा आठवतो. पण त्या दिवशी मनात आलं, ज्या यंत्रासमोर मला "साहेब आहेत का" विचारलं गेलं, ते यंत्र मुळात एका बाईनेच केलेलं आहे!

तिचं नाव जोसेफिन कॉक्रन. अमेरिकेत इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलची. घरातली चिनी मातीची उंची भांडी नोकरांच्या हातून टवके उडून खराब होत, म्हणून तिला यंत्र हवं होतं. म्हणजे कामवालीचे हात वाचावेत हा हेतू नव्हता, भांडी वाचावीत हा होता! १८८३ साली नवरा वारला, डोक्यावर कर्ज ठेवून. तेव्हा जे हौसेचं होतं ते पोटापाण्याचं झालं. घरामागच्या शेडमध्ये भांड्यांची मापं घेऊन तिने तारेचे कप्पे केले, ते एका चाकावर बसवले आणि खालून गरम साबणाच्या पाण्याचा फवारा सोडला. हाताखालचे मेकॅनिक सुरुवातीला ऐकायचे नाहीत. आपल्या पद्धतीने करून बघायचे, फसायचे आणि मग ती सांगेल तसं करायचे. २८ डिसेंबर १८८६ रोजी तिला पेटंट मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाला, आपली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली होती. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात कॉक्रनबाईंच्या यंत्राला बक्षीस मिळालं. विकत मात्र घेतलं ते हॉटेलांनी. घराघरांत तेवढं गरम पाणी कुठे होतं! अमेरिकेतसुद्धा ते घरच्या ओट्यापर्यंत पोचायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. आपल्याकडे तर अनेक घरांत ते शिरलं २०२०च्या टाळेबंदीत, जेव्हा कामाच्या बायका येऊ शकत नव्हत्या तेव्हा.

तर, कॉक्रनबाईंना स्मरून मी ड्रॉवरमधून मशिनचं पुस्तक काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! मावशींना म्हटलं, "बसा हो जरा. आज फरशी राहू दे." आम्ही दोघी जमिनीवर मांडी घालून बसलो. मी वाचत होते, त्या बघत होत्या.

आधी काय बघायचं?

त्या दुपारी आम्ही जे शिकलो ते क्रमाने सांगते. कारण मशिन मध्येच थांबलं की बोर्डाचा विचार सगळ्यात शेवटी करायचा असतो. आपण तो सगळ्यात आधी करतो.

पहिलं म्हणजे, ते खरंच थांबलंय का? पाणी-वीज वाचवणारा जो मोठा प्रोग्रॅम असतो तो तीन-साडेतीन तास चालतो. शेवटी भांडी वाळताना पंप बंद असतो, आवाज येत नाही. माझ्या एका मैत्रिणीने "मशिन रोज मध्येच बंद पडतं" म्हणून तक्रार केली होती. ते बंद पडत नव्हतं, भांडी वाळवत होतं!

दुसरं, वीज. दिवे गेले तर बहुतेक मशिनं परत आल्यावर थांबली तिथूनच पुढे सुरू होतात. घाईने पहिल्यापासून लावायचं नाही. मशिनला स्वतःचा सोळा अँपियरचा सॉकेट हवा. मिक्सर, टोस्टर आणि डिशवॉशर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरं, दार. एखादा डाव नाहीतर ताटाची कड बाहेर आली की दार लागल्यासारखं दिसतं, पण लागत नाही. मशिन सुरू असताना वाटी राहिली म्हणून दार खाडकन उघडायचंही नाही. वाफेने तोंड भाजतं आणि मशिन थांबतं ते वेगळंच.

चौथं, येणारं पाणी. नळाला जोर आहे का, मशिनचा स्वतःचा कॉक पूर्ण उघडा आहे का. घरात नुकताच प्लंबर येऊन गेला असेल तर तो कॉक अर्धवट बंद असण्याची शक्यता फार! जिथे पाइप जोडलेला असतो तिथे बारीक जाळी असते. सोसायटीची टाकी धुतली की त्या जाळीत गाळ बसतो. कॉक बंद करून, पाइप सोडवून, जुन्या टूथब्रशने ती घासायची. पाच मिनिटांचं काम.

पाचवं, जाणारं पाणी. आमच्या आकड्याचा अर्थ पुस्तकात हाच निघाला. पाणी बाहेर टाकता येत नाही! प्रत्येक कंपनीचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे आपापलं पुस्तक बघायचं. तळाशी घाण पाणी साचलेलं असेल तर मात्र आकडा न बघताही ओळखावं. मागचा पाइप कुठे मुडपलाय का, तेलाचा डबा मागे सरकवताना दबलाय का, ते बघायचं. आणि तळाची जाळी.

ती जाळी मी दर आठवड्याला धुते, असा माझा दावा होता. मावशींनी ती फिरवून उचलली. मोहरी, कढीपत्त्याचं पान, भाताची शितं आणि दिवाळीत आणलेल्या नव्या वाट्यांवरची स्टिकरं! नव्या भांड्यांची लेबलं सोलून काढायची असतात, नाहीतर ती गरम पाण्यात सुटून जाळीवर जाऊन बसतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आता मी तुम्हाला सांगतेय.

सहावं, फेस. घरात नवीन माणूस असेल तर हमखास घडणारी गोष्ट. मशिनची पावडर संपली म्हणून हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं की आत फेसच फेस होतो, बाहेर झिरपतो आणि मशिनच्या बुडाशी साचतो. तिथे एक तरंगता खटका असतो. पाणी दिसलं की तो मशिन थांबवतो, म्हणजे घरात पूर येत नाही. अशा वेळी मशिन बंद करायचं, कॉक बंद करायचा. फेस नसताना बुडाशी पाणी आलं, तर गळती कुठे आहे हे बघायला माणूस बोलवायचाच.

सातवं, पाणी तापणं. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलं की हीटरवर क्षार चढतात. पाणी तापायला वेळ लागतो आणि कधी मशिन तिथेच अडकून बसतं. त्यासाठी मशिनचं वेगळं मीठ घालायचं असतं. सासूबाईंनी एकदा मायेने डब्यातलं मीठ आणून दिलं होतं. ते चालत नाही, मशिनला खडे मीठ लागतं, ते पण त्याचंच. पण हीटर, वायरी, बोर्ड यांना आपण हात लावायचा नाही. तिथून पुढे मिस्त्रीचं राज्य.

पिस्त्याचं साल

जाळी धुतली, पाइप बघितला, मशिन सुरू केलं. परत तेच! पाणी तळाशी तसंच. मी म्हटलं, "जाऊ दे, बोलवू त्याला. साडेआठ तर साडेआठ."

मावशी म्हणाल्या, "पुस्तकात पुढं काय लिव्हलंय?"

पुढे लिहिलं होतं, प्लग काढा. साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. जाळीच्या खड्ड्यात पंपावर प्लास्टिकचं झाकण आहे, ते चमच्याने उचका आणि आतलं चक्र फिरतंय का बघा. काच असू शकते, सांभाळून.

प्लग काढला. मी स्पंज पिळत राहिले, अर्धी बादली भरली. मावशींनी हातमोजे चढवले, चमचा घातला, टक् करून झाकण सुटलं. त्यांनी बोट आत घातलं, डोळे मिटले (डोळे मिटून मोहरी निवडावी तसं!) आणि म्हणाल्या, "हाय. काहीतरी हाय." बाहेर आलं ते पिस्त्याचं साल. दिवाळीच्या फराळाचं. चक्राच्या पात्यात नेमकं अडकून बसलेलं.

पण ते जाळीतून खाली गेलंच कसं? पुस्तकात त्याचंही उत्तर होतं. जाळी धुऊन परत बसवताना शेवटी फिरवून घट्ट करायची असते. नाहीतर फट राहते. भाऊबीजेच्या रात्री पाहुणे जायच्या घाईत ती जाळी धुऊन नुसती ठेवणारी व्यक्ती कोण होती, हे मी सांगत नाही. मावशींनी पण सांगितलं नाही. फक्त जाळी बसवताना माझ्याकडे बघून ती मुद्दाम जरा जास्तच जोरात फिरवली.

झाकण लावलं, प्लग लावला, बटण दाबलं. गुर्र करून पाणी बाहेर पडायला लागलं. आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून टाळ्या वाजवत होतो. सासूबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "काय लागलं?" म्हटलं, "पिस्त्याचं साल." त्या म्हणाल्या, "आणि तो आठ हजार मागत होता?" मग थांबून म्हणाल्या, "मेला!" दोन वर्षांत मशिनच्या बाजूने त्या पहिल्यांदाच काही बोलल्या.

चहा पिताना मावशी सहज म्हणाल्या, "वहिनी, त्या बाईंनी पण एकडाव इचारलं असतं ना, काय झालंय हाताला, तर मीच सांगितलं असतं, पंधरा दिसांत बरं होतंय म्हनून." दोन वर्षांनी. त्या घराबद्दल त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. मी काहीच बोलले नाही. काय बोलणार? माझाही तो कागद त्या वर्षीच्या डायरीत अजून होताच.

त्यानंतरच्या शनिवारी बचत गटाच्या बैठकीत मी हा किस्सा सांगितला. बायका पोट धरून हसल्या. मग एकजण म्हणाली, "ताई, आमच्या बाईंनी पण आणलंय मशिन. मला हात लावू देत नाहीत." दुसरी म्हणाली, "आणलं की आपलं काम जाणार." भीती खरी आहे, मी ती नाकारली नाही. मशिन आलं की काही घरी पैसे कापले जातात, काही घरी काम सुटतं. मी फक्त मावशींना उठून त्यांचे ते तीन प्रश्न सांगायला लावले. लावणार कोण, काढणार कोण, कढई कोण घासणार. बायकांनी ते पाठ करून घेतले. पुढच्या बैठकीला मी मशिनचं पुस्तक घेऊन गेले. चित्रं मोठी काढून नेली, नळाचं कुठलं, मिठाचं कुठलं. दहा जणी बसल्या. जिला वाचता येत नाही तिलाही चित्र कळतं, उलट आमच्या घरी ते आधी कुणाला दिसलं हे तुम्हाला माहीतच आहे.

परवा मावशी जरा उशिरा आल्या. म्हटलं, बरं नाही का? तर म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर अडकले. त्यांचं मशिन थांबलं हुतं. पानी तुंबलेलं. जाळी काढली, भाताचा गोळा बसलेला. दिलं करून."

"अरे वा! मग काय म्हणाल्या त्या?"

"म्हनाल्या, लई उपकार झाले, चहा घ्या. मी म्हनलं, चहा घेते. पण मिस्त्री नुसता येऊन जायचे किती घेतो? त्या म्हनाल्या, साडेचारशे." मावशींनी कमरेची पिशवी उघडून दाखवली. "मग मी दोनशे घेतले. मी तर दुरुस्त बी केलंय."